रीफ टँकमध्ये लाल थर आलाय? औषध सगळ्यात शेवटी

रीफ टँकच्या, म्हणजे कोरल ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकच्या, वाळूवर मरून रंगाचा बुळबुळीत थर धरलाय, दुपारनंतर त्यात बारीक बुडबुडे अडकलेले दिसतात, रात्री तो थोडा मागे हटतो आणि लाइट लागले की परत पसरतो, तर बहुतेक करून तो सायनोच (सायनोबॅक्टेरिया) आहे. दुकानात याला लाल शेवाळ म्हणून एखादा शेवाळ खाणारा मासा किंवा चार स्नेल तुमच्या गळ्यात मारतील, पण हे बॅक्टेरिया आहेत आणि आवडीने खाणारं असं कोणी मिळत नाही, तेव्हा ते पैसे वाचवा.

आधी खात्री करून घ्या, कारण डायनो (डायनोफ्लॅजलेट, एकपेशीय सूक्ष्मजीव) पण असेच बुडबुडेवाले असतात आणि त्यांचा इलाज वेगळा. थोडा थर टँकच्या पाण्यासकट एका छोट्या बाटलीत घ्या, जोरात हलवून पूर्ण विस्कटून टाका, टिश्यू पेपरमधून गाळा आणि ते गाळलेलं पाणी तासभर लाइटखाली ठेवा. परत धागे जमून गोळा झाला तर डायनो, पाणी तसंच राहिलं तर सायनो. नवीन टँकमध्ये काचेवर आणि वाळूवर तपकिरी पावडर दिसत असेल तर ते डायटम (सूक्ष्म तपकिरी शेवाळ), ते आपोआप जातात, त्याला काही करू नका.

मग टेस्ट किट काढा, नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही बघा. इथे लोकांची गफलत होते, सायनो आला म्हणजे पाणी घाण, म्हणून सगळे नायट्रेट शून्यावर आणायच्या मागे लागतात. पण बऱ्याच जातीचे सायनो पाण्यात विरघळलेला नायट्रोजन वायू स्वतःच वापरू शकतात, म्हणजे नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट शिल्लक अशी परिस्थिती असेल तर बाकी सगळे उपाशी आणि हा एकटा मजेत. आपल्या अरबी समुद्रात उन्हाळ्यात ट्रायकोडेस्मियमचे पट्टे दिसतात, कोकण-गोव्याच्या बाजूला पण, तो याच खानदानातला आणि याच जोरावर वाढतो. तर नायट्रेट ५ ते १० पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ च्या आसपास असू द्या. नायट्रेट शून्य येत असेल तर खाणं किंचित वाढवा किंवा रीफसाठी मिळणारं नायट्रेटचं द्रावण थोडं थोडं द्या. फॉस्फेट जास्त असेल तर रिमूव्हर मीडिया (फॉस्फेट शोषणारे दाणे) लावा, पण अर्ध्या मात्रेने सुरू करा, एकदम खाली पडला की कोरल रुसतात.

आता हाताचं काम. वेव्हमेकर (टँकमध्ये प्रवाह तयार करणारा पंप) बंद करा नाहीतर तुकडे उडून अख्ख्या टँकभर होतात. एअर पंपाची बारीक नळी घ्या, थराच्या कडेला टेकवा आणि सायफनने हळूहळू ओढा, संध्याकाळी बुडबुड्यांनी थर सुटा झालेला असतो तेव्हा दुधावरची साय निघावी तसा आख्खा पापुद्रा नळीत येतो. वाळू खोल ढवळायची नाही, वरचाच थर घ्यायचा. हे वॉटर चेंजसोबतच करा म्हणजे पाणी पण बाहेर जातं. दोन-तीन दिवसांनी परत येईल, परत काढा, कंटाळा आला तरी काढा.

थर कुठे जमतो ते नीट बघा, बहुतेक वेळा दगडाच्या मागची किंवा कोपऱ्यातली अशी जागा असते जिथे प्रवाह पोचतच नाही. सॉफ्ट कोरलच्या टँकला तासाला टँकच्या २० ते ३० पट प्रवाह धरा, म्हणजे २०० लिटरला ४ ते ६ हजार लिटर, आणि वेव्हमेकरचं तोंड त्या जागेकडे थोडं वळवा. थेट कोरलवर नको. फ्रोझन मायसिस (बारीक कोळंबीसारखं माशांचं खाणं) वितळवून गाळून द्या, ते गढूळ पाणी टँकमध्ये ओतू नका.

पाण्याबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण आपल्याकडे खरी गोची इथेच आहे. बरेच जण स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी टॉप-अपला (उडून गेलेलं पाणी भरून काढायला) वापरतात. ती मशीन पिण्यासाठी बनवलेली असते, बऱ्याच मशिनींमध्ये चवीसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो जो मेंब्रेन चुकवून थोडं कच्चं पाणी परत मिसळतो, आणि मेंब्रेनच्या आधी क्षार जमू नयेत म्हणून फॉस्फेटवाले गोळे पण टाकलेले असतात. म्हणजे तुम्ही एका हाताने फॉस्फेट काढताय आणि रोज दुसऱ्या हाताने घालताय! उन्हाळ्यात बाष्पीभवन वाढलं की हे अजून वाढतं. टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो, रीडिंग शून्य यायला पाहिजे, त्यासाठी आरओनंतर डीआय रेझिनची (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांची) स्टेज लावा आणि रीडिंग वर सरकायला लागलं की रेझिन बदला.

एवढं करून महिनाभरात फरक नाही पडला तर ब्लॅकआउट. आधी जमेल तेवढं सायफन करा, मग ३ दिवस लाइट बंद, टँकला जाड कापड गुंडाळा, एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) चालू ठेवा, खाणं अगदी कमी. झोआ, मश्रूम, लेदर हे सॉफ्ट कोरल सहज सहन करतात. नंतर वॉटर चेंज करा आणि लाइट हळूहळू वाढवा. मूळ कारण तसंच असेल तर मात्र दोन आठवड्यांत महाराज हजर.

औषधाचा नंबर यानंतर. मेडिकलमधून एरिथ्रोमायसिनच्या गोळ्या आणून कुटून टाकायचा सल्ला मिळेल, माझ्या मते चुकूनही करू नका, फिल्टरमधल्या कामाच्या बॅक्टेरियांना त्रास होऊ शकतो आणि अँटिबायोटिक असं वापरायची गोष्ट नाही. केमिक्लीनसारखी सायनो मारायची पावडर वापरायचीच असेल तर दगड-वाळू वजा करून पाण्याचे खरे लिटर मोजा आणि पाकिटावरचीच मात्रा घ्या. कार्बन (फिल्टरमधला कोळसा) आणि यूव्ही (जंतू मारणारा दिवा) आधी बंद. सायनो एकदम मरतो तेव्हा पाण्यातला ऑक्सिजन झपाट्याने उतरतो, मे महिन्यात गरम पाण्यात तर मुळातच कमी असतो, म्हणून जोरदार एअर स्टोन हवाच आणि वीज जात असेल तर बॅटरीवाला एअर पंप जवळ ठेवा. मासे वर येऊन धापा टाकायला लागले तर वाट बघू नका, लगेच पाणी बदला. ४८ तासांनी २० टक्के वॉटर चेंज, मग कार्बन परत लावा. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) काही दिवस वेड्यासारखा फेस काढेल, त्याचं पाणी सम्पमध्येच (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीतच) पडेल असं बघा नाहीतर सकाळी फरशी पुसायची तयारी ठेवा.