एक एप्रिलनंतरचा दाखला

१६ ऑगस्ट २०२४, शुक्रवार. दिल्ली विद्यापीठाची पहिली यादी त्या दिवशी लागली. घरात कानबाईचे, म्हणजे आमच्याकडच्या श्रावणातल्या देवीच्या सणाचे, रोट अजून संपले नव्हते. रोट भाऊबंदकीतच संपवायचे असतात, त्यामुळे काका, चुलतभाऊ सगळे जमलेले. खाली नेटवर्क धरत नाही म्हणून मी मोबाईल घेऊन धाब्यावर, म्हणजे घराच्या छतावर गेले. राज्यशास्त्र ऑनर्स, मी तिसऱ्या पसंतीला टाकलेलं कॉलेज. खाली येऊन सांगितलं तर आजी आधी म्हणाली, "इतला दूर काब्र जाई ऱ्हायनी वं?" (एवढ्या लांब का चाललीस गं?) आणि मग दोन्ही हात माझ्या तोंडावरून फिरवून तिने बोटं मोडली.

पुढच्या मंगळवारी ती जागा माझी राहिली नव्हती.

हे लिहितेय ते आमच्या खानदेशातल्या चोपडा, शिरपूर, शहादा, पारोळ्याकडच्या मुलामुलींसाठी. सीयूईटी म्हणजे केंद्रीय विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, तिचा फॉर्म कधी निघतो हे तुम्हाला माहीत असणार, त्यात वेळ घालवत नाही. अभ्यासाचं एकच सांगते: आपलं बोर्डाचं पुस्तक वेगळं आणि सीयूईटीला लागणारं एनसीईआरटीचं वेगळं. इतिहासात तर फारच वेगळं. बोर्डात ऐंशी टक्के पडले म्हणून निर्धास्त राहू नका आणि पासष्ट पडले म्हणून खचू नका, कारण दिल्लीच्या यादीत बारावीचे टक्के धरत नाहीत, सीयूईटीचे गुण धरतात. विषय मात्र बारावीला घेतलेलेच द्या. ज्यात "स्कोअर जास्त येतो" तो विषय कुणाच्या सांगण्यावरून घेऊन बसलात, तर दिल्लीत तो मोजणार नाहीत.

आता दाखल्याचं. हे नीट वाचा, दोनदा वाचा.

माझ्याकडे नॉन-क्रिमीलेअर होतं, म्हणजे ओबीसी आरक्षणासाठी लागणारं, घर उत्पन्नाच्या मर्यादेत बसतं असं सांगणारं प्रमाणपत्र. ऑगस्ट २०२३ मध्ये काढलेलं, प्रांतसाहेबांच्या सहीचं, आणि त्यावर स्वच्छ लिहिलेलं की ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध. म्हणजे तीन वर्षांची काळजी मिटली असं आम्ही धरून चाललो. मी ज्या सरांना विचारत होते त्यांनीही कागद हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, चालतं. महाराष्ट्रात ते चालतंच. केंद्राच्या संस्थेत चालत नाही, आणि कारणं दोन आहेत.

पहिलं कारण तारीख. दिल्ली विद्यापीठ घ्या, आयआयटी-एनआयटीच्या प्रवेशाचं जोसा घ्या, ओबीसी नॉन-क्रिमीलेअरचा दाखला त्याच वर्षीच्या १ एप्रिलला किंवा त्यानंतर दिलेला लागतो. राज्याने तीन वर्षांची मुदत दिली असली तरी तिकडे तिला अर्थ नाही. २०२४ च्या प्रवेशाला १ एप्रिल २०२४ नंतरचा दाखला हवा होता, माझा आठ महिने आधीचा होता.

दुसरं कारण नमुना. केंद्राचा नमुना वेगळा असतो. तुमच्या कागदावर भारत सरकारच्या कार्मिक विभागाच्या ३६०१२/२२/९३ या क्रमांकाच्या, ८ सप्टेंबर १९९३ च्या पत्राचा उल्लेख आहे का, तो शोधा. तो नसून नुसते महाराष्ट्र शासनाचे निर्णय लिहिलेले असतील, तर तो राज्याचा दाखला. सेतूत, म्हणजे दाखल्यांचे अर्ज भरून देणाऱ्या केंद्रात, गेल्यावर नुसतं "नॉन-क्रिमीलेअर काढायचंय" म्हणू नका. "केंद्राच्या नमुन्यातलं, केंद्रीय शिक्षणसंस्थेत प्रवेशासाठी" असं म्हणा, कागदावर लिहून द्या, आणि अर्ज सबमिट व्हायच्या आत स्क्रीनवर स्वतः वाचा. समोरचा माणूस दिवसाला शंभर अर्ज भरतो, त्याच्या हाताला राज्याच्या नमुन्याची सवय झालेली असते.

याच्याही आधीची पायरी म्हणजे तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते बघणं. राज्याची यादी वेगळी आणि केंद्राची वेगळी. भटक्या-विमुक्तांचा वेगळा गट केंद्रात नाही, त्या मुलांनीही आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का तेच पाहायचं. मराठा समाजाच्या मुलांना राज्यात एसईबीसी हे वेगळं आरक्षण आहे, ते दिल्लीत लागू नाही. तिथे खुला गट किंवा अटीत बसत असाल तर ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाचा गट. त्याचाही दाखला केंद्राच्या नमुन्यात आणि चालू आर्थिक वर्षाचाच. आणि ईडब्ल्यूएसला नुसतं उत्पन्न बघत नाहीत, घरची शेती पाच एकर किंवा त्याहून जास्त असेल तर केंद्रात ते मिळत नाही. कोरडवाहू पाच एकरात काय पिकतं ते मला माहीत आहे, पण नियम असा आहे. पावरा, भिल्ल, कोकणी मुलांना, म्हणजे एसटीला, आणि एससीलाही ही दरवर्षीची तारखेची भानगड नाही.

माझं काय झालं ते सांगते. शुक्रवारी यादी लागली, मी लगेच जागा स्वीकारली. शनिवारी सकाळी पोर्टलवर कॉलेजची क्वेरी, म्हणजे कागदाबद्दलची विचारणा: चालू वर्षाचं, केंद्राच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र अपलोड करा. शनिवार-रविवार सरकारी कार्यालयं बंद. सोमवारी राखीपौर्णिमा. भावाला राखी न बांधताच मी आप्पांबरोबर, म्हणजे वडिलांबरोबर, मोटारसायकलवर तहसीलला गेले. नवीन नॉन-क्रिमीलेअरला आधी नवा उत्पन्नाचा दाखला लागतो, त्याला तलाठ्याचा अहवाल लागतो, मग प्रकरण प्रांताकडे जातं. तिथल्या भाऊंनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ताई, कितीही पळवलं तरी आठवडा. कॉलेजची मुदत मंगळवारची होती. परत येताना आप्पा एक शब्द बोलले नाहीत. संध्याकाळी मोटार चालू करायला म्हणून ते मळ्यात गेले आणि फार उशिरा आले.

म्हणून स्पष्ट सांगते: यादी लागल्यावर दाखला काढायला निघालात तर जागा गेली असं समजा. कुणी "दोन दिवसांत सेंट्रलचा काढून देतो" म्हणून पैसे मागितले तर उलट्या पावली घरी या. सरळ मार्गाला वेळ लागतो, आणि तो वेळ एप्रिल-मेमध्ये तुमच्याकडे असतो.

मार्गदर्शनाच्या दुकानांबद्दल माझं मत पक्कं झालंय. जळगाव-धुळ्याला होती, आता तालुक्यालाही झालीत. पसंतीक्रम भरून द्यायचे हजारो रुपये घेतात. पसंतीक्रम भरायला अक्कल लागते ती एवढीच की जे मनापासून हवंय ते वर टाकायचं आणि यादी जमेल तितकी लांब ठेवायची. यंत्रणा तुमच्या गुणांत बसणारी सगळ्यात वरची पसंती देते, त्यामुळे "आपल्याला मिळणार नाही" म्हणून चांगलं कॉलेज खाली ढकलण्यात शहाणपण नाही. मिळालेली जागा आधी स्वीकारायची, आणि वरची हवी असेल तर अपग्रेड निवडायचं. वरची मिळाली की खालची आपोआप जाते, हे लक्षात ठेवूनच. मोठी फी घेणाऱ्या सल्लागारापेक्षा तिथे दुसऱ्या वर्षाला शिकणारी आपल्या भागातली एखादी मुलगी शोधा. मला जे शेवटी कळलं ते अशाच एका ताईकडून, भुसावळच्या, आणि तिने एक रुपया घेतला नाही. आणखी एक, फॉर्मवर मोबाईल नंबर आणि ईमेल स्वतःचा टाका. कॅफेवाल्याचा नको. क्वेरी त्याच्या फोनवर आली तर तुम्हाला कळणार कधी?

त्या वर्षी मी रिकामी राहिले नाही ते आप्पांमुळे. २१ मेला बारावीचा निकाल लागला होता आणि सीयूईटीचा यायला २८ जुलै उजाडला. तोवर इकडचे एफवायचे प्रवेश संपत आले होते. मी नको म्हणत होते, दिल्ली होणारच असं वाटत होतं. आप्पांनी ऐकलं नाही, फी भरून टाकली. तुम्हीही इकडे प्रवेश घेऊन ठेवा. फी जाईल ती जाईल. फक्त शाळा सोडल्याचा मूळ दाखला जमा करण्याआधी त्याच्या साक्षांकित प्रती काढून ठेवा, आणि तो परत मिळायला किती दिवस लागतात ते आधीच विचारा.

वर्ष गेलं म्हणजे सगळं गेलं असं मला तेव्हा वाटलं होतं. आठ दिवस जेवण गेलं नाही. पण सीयूईटी पुन्हा देता येते, वयाची अट नाही, आणि दिल्लीला गेल्यावर मला एकानेही विचारलं नाही की एक वर्ष मध्ये का गेलं. माझ्या वर्गातच अशा तिघी आहेत.

२०२५ ला मी १ एप्रिलला सेतूत होते. मे महिन्यात केंद्राच्या नमुन्यातला दाखला हातात आला. त्यावरचं नाव, आप्पांचं नाव, आडनावाचं स्पेलिंग सीयूईटीच्या फॉर्मशी एकेक अक्षर लावून पाहिलं. मग परीक्षा, आणि मग वाट बघणं.

वाट बघण्यावर माझ्याकडे औषध नाही. निकाल ४ जुलैला आला, यादी १९ जुलैला. मधल्या दिवसांत गावात जो भेटेल तो विचारायचा, "नंबर लागना का वं?" पहिल्या वर्षी मी सगळ्या गावाला सांगून बसले होते, दुसऱ्या वर्षी घराबाहेर फक्त त्या भुसावळच्या ताईला माहीत होतं. तेवढ्यानेच अर्धा भार उतरला. सकाळी मायसोबत कपाशी निंदायला जायचे, मोबाईल घरी ठेवून. पोर्टल दिवसातून दोनदाच उघडायचं ठरवलं होतं, सकाळी आणि दिवेलागणीला. मुदत चुकायला नको एवढ्यासाठी दोनदा पुरतं. रात्री झोप लागत नव्हती, ते खरं आहे, आणि तुम्हालाही लागणार नाही.

१९ जुलैला नाव आलं, दुसऱ्या पसंतीचं कॉलेज. जागा स्वीकारली. क्वेरी येते का म्हणून मी दोन दिवस फोन हातातून सोडला नाही, तेव्हा मात्र दोनदाचा नियम पाळला नाही. क्वेरी आली नाही. कॉलेजने मंजुरी दिली आणि आप्पांनी गल्लीतल्या जिभाऊंच्या फोनवरून फी भरली, कारण त्यांच्या खात्यातून एवढी रक्कम एकदम जात नव्हती. तुम्ही ही मर्यादा आधीच बँकेत जाऊन वाढवून घ्या.

वर्ग १ ऑगस्टला सुरू होणार होते आणि कानबाई ३ तारखेला. आजीला ते फार लागलं. भुसावळला गाडी रात्रीची होती. माय पिशवीत कळण्याच्या भाकरी बांधत होती आणि मी फाईलमधले कागद तिसऱ्यांदा मोजत होते.

माझ्या मामाची मुलगी यंदा बारावीला आहे. १ एप्रिलला सकाळी सात वाजता मी तिला फोन करणार आहे. सेतू उघडायच्या आत तिने दारात असायला हवं.