पोर्ट उघडत नाही म्हणून फायरवॉल बंद करताय? या चुका टाळा

घरच्या एनएएसवरचे (नेटवर्कला जोडलेल्या साठवणुकीच्या डब्यावरचे) फोटो बाहेरून बघायचे किंवा जुन्या पीसीवर गेम सर्व्हर चालवायचा, तर पोर्ट फॉरवर्डिंग आलंच, म्हणजे बाहेरून ठरावीक पोर्टवर (क्रमांकाच्या दारावर) आलेली विनंती घरातल्या ठरावीक मशीनकडे पाठवायचा राउटरमधला नियम. नियम लिहिला, सेव्ह केला, राउटर बंद-चालू केला, तरी पोर्ट बंदच. मग वैतागून लोक राउटरची फायरवॉलच बंद करतात. पोर्ट तरीही उघडत नाही, कारण अडवणारा बहुतेक वेळा वेगळाच असतो.

आधी राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी, म्हणजे राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता, बघा. तो 100.64 ते 100.127 यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता इंटरनेट कंपनीने अनेक घरांत वाटलाय, आणि ही वाटणी करणारा नॅट (पत्ते बदलून देणारी यंत्रणा) तिच्याकडे आहे. तुमच्या राउटरवर कितीही नियम लिहा, बाहेरची विनंती तुमच्या दारापर्यंत येतच नाही. कंपनीकडून स्टॅटिक आयपी (कायमचा सार्वजनिक पत्ता) घ्या, किंवा छोटा व्हीपीएस (भाड्याचा ऑनलाइन सर्व्हर) घेऊन तिथून घरापर्यंत वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा काढा.

वॅन आयपी 192.168 ने सुरू होतोय? मग बहुधा डबल नॅट, म्हणजे एकामागे एक दोन राउटर. फायबरवाल्याने बसवलेला डबा स्वतःच राउटर असतो आणि आपण त्यामागे दुसरा जोडतो. कंपनीचा डबा ब्रिज मोडवर (नुसता मॉडेम म्हणून) टाकून घ्या आणि पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीच्या जोडणीचं, लॉगिन आपल्या राउटरवर भरा. व्हीलॅन आयडी (जोडणीसाठी राउटरमध्ये भरायचा क्रमांक) लागतो का, तेही आधीच विचारून ठेवा, नाहीतर संध्याकाळभर घर नेटविना. एवढी उठाठेव नको असेल तर आपला राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर (फक्त वायफाय देण्यापुरता) ठेवा आणि नियम कंपनीच्या डब्यात लिहा.

वॅन आयपी ठीक असेल तर चूक घरातच शोधा. नियम 192.168.1.20 साठी लिहिलेला असतो आणि पीसीला डीएचसीपीने (राउटरच्या आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेने) आता .23 दिलेला असतो. डीएचसीपी रिझर्व्हेशन करून टाका, म्हणजे पीसीला कायम तोच पत्ता मिळेल. विंडोजने नेटवर्क ‘पब्लिक’ धरलं असेल तर त्याची स्वतःची फायरवॉलही अडवते. चाचणी मात्र मोबाइल डेटावरून करा. घरच्याच वायफायवरून सार्वजनिक पत्ता उघडायला राउटरमध्ये नॅट लूपबॅक ही सोय लागते, ती अनेक स्वस्त राउटरांत नसते. शिवाय सर्व्हर चालू नसेल तर तपासणारी साइट पोर्ट बंदच दाखवणार.

राउटरमधली डीएमझेड ही सेटिंग तर सगळ्यात वाईट शॉर्टकट. नाव भारदस्त, पण घरगुती राउटरमध्ये त्याचा अर्थ एवढाच की बाहेरून आलेलं सगळं एका मशीनवर सोडायचं. तिथे विंडोज असेल तर 445 (फाइल शेअरिंग) आणि 3389 (रिमोट डेस्कटॉप) हे पोर्टही उघड्यावर. यूपीएनपी, म्हणजे पोर्ट आपोआप उघडायची सोय, हीही बंदच बरी, कारण तिच्यामुळे घरातलं कुठलंही उपकरण पासवर्ड न विचारता बाहेरचं पोर्ट उघडून घेऊ शकतं. उघड्या दाराचा धोका खरा आहे: 2016 मध्ये मिराई या मालवेअरने टेलनेट (दूरून लॉगिन करायची जुनी सोय) उघडं असलेले, उत्पादकाचा मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर हजारोंनी ताब्यात घेतले होते. राउटरचं रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून सेटिंग बदलायची सोय) बंद आहे ना, हेही बघून घ्या.

राहिलं आयपीव्ही6, म्हणजे इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत. इथे सहसा नॅट नसतो, प्रत्येक उपकरणाला सार्वजनिक पत्ता मिळतो, त्यामुळे राउटरवर फायरवॉल हीच एकमेव भिंत. ती पूर्ण पाडू नका, हव्या त्या मशीनचं हवं तेवढंच पोर्ट उघडा. उलट, अति सावधपणे आयसीएमपीव्ही6 (नेटवर्कचे अडचण कळवणारे निरोप) सरसकट अडवाल तर ‘पॅकेट टू बिग’चा, म्हणजे डेटाचा तुकडा फार मोठा असल्याचा, निरोप पोचत नाही आणि काही साइट अर्ध्यावर लटकतात. पीपीपीओईवर एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) नेहमीच्या 1500 ऐवजी साधारणपणे 1492 बाइट असतो, तिथे हा त्रास लगेच जाणवतो.