पोरांना गोठ्यात आणणार असाल तर माझी चूक आधी वाचा

कळमेश्वर रोडला आमची दोन एकर जागा आहे, अकरा बेरारी शेळ्या आणि थोड्या गावठी कोंबड्या. शनिवार-रविवारी नागपुरातली चार-पाच पोट्टी येतात, नववी-दहावीची, कोणी नापास झालंय, कोणी वर्गात तोंडच उघडत नाही. मी स्वतः बारावीला दोनदा बसलोय, लग्नात कोणी 'सध्या काय करतोस' विचारलं की अजून पोटात गोळा येतो, त्यामुळे अशा पोरांना जनावरांसोबत कामाला लावायचं नवीन कोणी म्हणतं तेव्हा आनंदही होतो आणि धाकधूकही.

जनावरांपाशी पोरं मोकळी होतात वगैरे तुम्हाला माहीतच असेल. मी कुठे आपटलो ते सांगतो.

पंधरा वर्षांचा एक पोट्टा होता, त्याला दूध काढायला शिकवत होतो. नवीन माणूस सड चिमटीत धरून खाली ओढतोच, हा पण ओढायचा. वरच्या टोकाला अंगठा आणि तर्जनी आवळायची, मग खालची बोटं एकेक करून मिटायची, ओढायचं नाही, हे मी शंभरदा दाखवलं असेल. तिसऱ्या आठवड्यात भांड्यात धार वाजली आणि मीच त्याच्यापेक्षा जोरात ओरडलो. पण पान्हा सुटला की पाच-सात मिनिटांत आटपावं लागतं, याला पंधरा लागायची, हात दुखले की उठायचा आणि कासेत दूध राहायचं. दूध राहिलं की दगडी व्हायची भीती, कास सुजते, दुधात गुठळ्या येतात. मग मी काय करायचो, पोरं गेली की गुपचूप त्याच शेळीखाली बसायचो आणि राहिलेलं काढायचो. आणि त्याला मात्र 'एकदम परफेक्ट' म्हणायचो.

एकदा तो डबा विसरला म्हणून परत आला. मी शेळीखाली, हा दारात. म्हणाला, "म्हंजे मी काढतो ते खोटंच व्हय न सर?" पुढचे तीन आठवडे आला नाही.

शेळीसाठी दूध काढणं बरोबरच होतं हो, लपवलं तिथे माती खाल्ली. या पोरांच्या मागून सगळेच सगळं उरकत असतात, आई दप्तर भरते, ट्यूशनवाला प्रोजेक्ट करून देतो, आणि 'छान केलंस' म्हणताना समोरच्याच्या आवाजात जी दया येते ती यांना एक मैलावरून कळते. ज्या एका ठिकाणी खरं हातात येईल असं त्याला वाटलं होतं तिथेही मी तेच केलं.

आता पहिल्याच दिवशी सांगतो, शेवटच्या धारा मी काढणार, तुझ्यासमोर, वेगळ्या मापात. त्याच पोट्ट्याचं सांगतो, शेळी देते अर्धा लिटर, त्यातले दीडशे मिली माझ्या मापात यायचे, तो आकडा तो स्वतः खडूने भिंतीवर लिहायचा. दिवाळीपर्यंत चाळीसवर आला. मी शाबासकी दिली नाही, आकडा भिंतीवर होताच.

आणि दूध लगेच देऊच नका. सुरुवातीला पाण्याची टाकी घासणं, कुटार म्हणजे सुका चारा भरणं, अंडी गोळा करणं, म्हणजे चुकलं तरी जनावराला त्रास नाही. खुराकाच्या खोलीची किल्ली मात्र तुमच्याच खिशात. प्रेमापोटी पोरं ज्वारी जास्त टाकतात, पोटात आम्ल वाढून शेळी मरू शकते, आणि ते ओझं त्या पोराच्या डोक्यावर नको.

शेळी व्याली की मागून पडणारी वार उघड्या हाताने उचलू द्यायची नाही, ब्रुसेलोसिस हा जनावरांचा रोग माणसालाही होतो. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते आई-वडिलांना विचारा. एकटा मोठा माणूस आणि एकटं पोर असं गोठ्यात कधीच नको, तुम्ही कितीही सज्जन असा. पोरगं जिवाचं बरंवाईट करायचं बोललं तर शेळी दाखवत बसू नका, घरच्यांना सांगा, त्याला एकटं सोडू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावा. घाबरलात? घाबरा थोडं. पण जमतं, मला जमलं म्हणजे कोणालाही जमेल.

हे काम शिकवणाऱ्या दोन दिवसांच्या सर्टिफिकेट कोर्सवर माझा काडीचा विश्वास नाही. त्यापेक्षा गावात शेळ्या राखणारी एखादी आजी शोधा. आमच्याकडची आजी दिवसभरात दहा वाक्यं बोलते आणि पोरं तिच्याच मागे फिरतात, माझ्या नाही. सुरुवात दिवाळीनंतर करा, मे महिन्यात आपल्याकडे सकाळी नऊनंतर गोठ्यात मोठ्यांनाही उभं राहवत नाही.

तो पोट्टा चौथ्या आठवड्यात आला, आजीनेच निरोप धाडला होता. आता पहिल्या धारा काळ्या फडक्यावर काढून गुठळ्या बघतो, मला दाखवतो, आणि मी सडाला हात लावायला गेलो की आधी विचारतो, "सर, हात धुतले का?"