कॅम्परव्हॅनने सत्तरी आणि सांगे : कुटुंबासह चार रात्रींची सहल कशी आखावी

पहिल्यांदा कॅम्परव्हॅन भाड्याने घेतली तेव्हा आम्ही दोन दिवसांत साखळी, वाळपई, मोले, सांगे आणि काणकोण असा सगळा डोंगरी गोवा पाहायचा बेत केला होता. चोर्ला घाटात धाकटीला तीनदा उलटी झाली. सासूबाईंना गुडघ्यांमुळे सारखे चढउतर करणे जमेना. घरी आल्यावर मुलांना वळणांखेरीज काही आठवत नव्हते. दुसऱ्या खेपेला चार रात्री आणि दोनच गावे धरली : सत्तरी तालुक्यातले वाळपई आणि सांगे. तेव्हापासून आम्ही तसेच करतो. दिवसाला थोडेच अंतर पुरते, उरलेला वेळ गावाला द्यावा.

गाडी घेताना

भाड्याची गाडी स्वतः चालवणार असाल तर नंबरप्लेट काळी आणि अक्षरे पिवळी असली पाहिजेत. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी कोणी स्वस्तात देऊ केली तरी घेऊ नका. ते बेकायदेशीर आहे आणि अपघात झाला तर विम्याचे पैसे अडकतात.

मग आत जाऊन सीटबेल्ट असलेल्या जागा मोजा. झोपायला सहा जणांची सोय आणि सीटबेल्ट चार, अशा गाड्या असतात. तुम्ही पाच जण असाल तर ती गाडी तुमची नाही. गाडी चालू असताना मुलांनी बिछान्यावर लोळायचे नाही, हा नियम पहिल्या दिवशीच घाला. मुले दोन दिवस कुरकुरतात, मग अंगवळणी पडते.

गॅसची शेगडी असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह प्रवासात बंद हवा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो. म्हणून त्या कप्प्याला खालच्या बाजूने हवा जायला वाट आहे का, ते वाकून पाहा. रांधताना खिडकी उघडी ठेवा आणि शेगडी पेटती ठेवून कोणी झोपू नका. शेवटचे म्हणजे गाडीची उंची मीटरमध्ये कागदावर लिहून समोरच्या काचेपाशी चिकटवा. सत्तरीतल्या आतल्या रस्त्यांवर फणसाच्या फांद्या आणि विजेच्या तारा खाली आलेल्या असतात.

केव्हा जावे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात डोंगर देखणे दिसतात हे खरे, पण दरडी, चिखल आणि अचानक फुगणारे व्हाळ (ओढे) यांत इतकी जड गाडी घेऊन जाऊ नये.

पहिले दोन मुक्काम : वाळपई

पणजीहून सकाळी निघा आणि साखळीला थांबा. हरवळ्याची लेणी आणि शेजारचा धबधबा इथे तासभर सहज जातो. एखाद्या गाड्यावर भाजीपाव खाऊन पुढे वाळपईला. हे सत्तरी तालुक्याचे गाव, बाजार छोटा पण भरलेला. डिझेल, पाणी, भाजी, औषधे इथेच भरून घ्या. पुढे जंगलपट्टीत फोनला रेंज मिळेलच असे नाही, त्यामुळे नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा.

रात्री गाडी कुठे लावायची, हा या सहलीतला सर्वांत नाजूक प्रश्न. म्हादई, मोले, नेत्रावळी ही अभयारण्ये आहेत. त्यांच्या हद्दीत रस्त्याकडेला रात्र काढू नका. आमचा मार्ग असा : दिवसाउजेडी गावात पोचायचे, कुळागर (माडा-पोफळीची बाग) असलेल्या किंवा पाहुण्यांची सोय करणाऱ्या घरी जाऊन विचारायचे, "काकी, रात्रीपुरती गाडी आवारात लावू का? पाणी आणि न्हाणीघर वापरले तर चालेल का?" पैसे किती, हे तिथेच बोलून घ्या आणि जेवण त्यांच्याकडेच सांगा. देवळाच्या अग्रशाळेपाशी (भाविकांच्या उतरण्याच्या जागेपाशी) जागा असली तरी आधी देवस्थानाच्या माणसांना विचारा, आणि जत्रेच्या दिवसांत तो विषयच काढू नका. विचारून लावलेल्या गाडीला सकाळी चहा येतो. न विचारता लावली की पुढच्या कुटुंबाला तो गाव दार उघडत नाही, हे मनापासून सांगतो.

दुसऱ्या दिवशी केरीमार्गे अंजुणे धरण आणि चोर्ला घाट. घाटात तीन गोष्टी पाळा. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. नुसते ब्रेक दाबत राहिलात तर ते तापून निकामी होतात. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या, नियमही तोच आहे. आणि अंधार पडायच्या आत खाली या. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी, रात्री रस्त्यावर येतो आणि दिव्यांच्या उजेडात शेवटच्या क्षणी दिसतो. मुलांना घाटाआधी पोटभर खायला देऊ नका. थोडे काही कोरडे आणि आलेपाक पुरे, नजर समोरच्या रस्त्यावर.

वाटेत : तांबडी सुर्ला आणि कुळे

तिसऱ्या दिवशी तांबडी सुर्ल्याचे महादेवाचे देऊळ. कदंब राजांच्या काळातले, काळ्या बेसाल्टचे, चहूबाजूंनी जंगल. सकाळी लवकर जा. देऊळ पूर्वाभिमुख आहे आणि कोवळ्या उन्हात खांबांवरचे कोरीव काम उठून दिसते. आमच्या मोठ्याने तिथे पाऊण तास एका जागी बसून चित्र काढले, घरात तो पाच मिनिटे टिकत नाही.

दूधसागर धबधबा पाहायचाच असेल तर व्हॅन कुळ्याला ठेवून तिथल्या जीपने जा. वाटेत नदीपात्र ओलांडावे लागते. पण त्यात अख्खा दिवस जातो. लहान मुले असतील तर मी तो या फेरीत सोडून देईन.

पुढचे दोन मुक्काम : सांगे

सांगे शांत आहे. इथून नेत्रावळीला जाऊन गोपीनाथाच्या देवळाशेजारची बुडबुड्यांची तळी पाहा. तळातून सतत बुडबुडे वर येतात, आणि टाळी वाजवली की ते वाढतात असे गावकरी सांगतात. मुले तिथून हलत नाहीत. रिवणजवळ पणसायमळला कुशावतीच्या काठी जांभ्या दगडावर कोरलेली प्रागैतिहासिक चित्रे आहेत : बैल, हरणे, आणि एक मोठे वर्तुळाकार चक्रव्यूह. १९९३ साली ती अभ्यासकांसमोर आली. चित्रांवरून चालू नका, पाणी किंवा खडू टाकून ती उठावदार करू नका. सकाळचे किंवा संध्याकाळचे तिरपे ऊन असले की ती आपोआप दिसतात.

साळावली धरण जवळच. मे महिन्यात जाणे झाले तर पाणी ओसरल्यावर बुडालेले कुर्डी गाव वर येते. घरांचे चौथरे दिसतात, सोमेश्वराच्या देवळापाशी विस्थापित कुटुंबे जमतात. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर याच गावच्या. सासूबाई तिथे बराच वेळ गप्प उभ्या होत्या. गर्मीचा त्रास सोसूनही मी हा एक अपवाद करतो.

पाणी, कचरा, चूल

गोव्यात पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करायला कायद्याने मनाई आहे. चूल मांडायची तर यजमानांच्या आवारात, त्यांच्या परवानगीने. भांड्यांचे सांडपाणी टाकीत किंवा बादलीत साठवा, व्हाळात सोडू नका. खांडेपार नदीचे पाणी ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्रातून पणजी-फोंड्याला जाते, साळावलीचे दक्षिण गोव्याला. आपण डोंगरात जे ओततो ते खाली आपल्याच नळाला येते. गाडीतल्या शौचालयाची कॅसेट (काढता येणारी मैल्याची टाकी) फक्त शौचालयातच रिकामी करायची, आणि कचऱ्याची पिशवी घरापर्यंत न्यायची.

शेवटच्या सकाळी निघण्याआधी खिडक्या, गॅसचा व्हॉल्व्ह, छतावरची पेटी आणि गाडीखालची जमीन एकदा पाहून घ्या. आमच्याकडे हे काम मुलांकडे आहे. मागच्या वेळी धाकटीला गाडीखाली यजमानांचे मांजर झोपलेले सापडले.