पिल्लाचे कान कापल्यानंतर होणारा संसर्ग: या चुका टाळा

गेली बरीच वर्षं मी जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसिंगचं काम करते. डॉबरमन, ग्रेट डेन, बॉक्सर, केन कोर्सो अशी कान कापलेली पिल्लं माझ्या टेबलावर येतात ती बहुतेक वेळा बिघडल्यावरच. पिल्लू मान वाकडी करून बसलेलं असतं, कानाला हात लावू देत नाही, कान उभे राहावेत म्हणून गुंडाळलेल्या टेपमधून वास येत असतो. आणि मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला: "कान उभे राहतील ना?" मला त्या प्रश्नाचा आता खरंच राग येतो. आधी कान वाचू दे, मग उभा राहण्याचं बघू.

माझं मत आधीच सांगते. दिसण्यासाठी कान कापल्याने कुत्र्याच्या तब्येतीचा काहीही फायदा होत नाही. 1987 च्या युरोपीय पाळीव प्राणी संरक्षण करारात कलम 10 ने याला मनाई केली आहे आणि अनेक देशांत तसे कायदेही आहेत. "कापलेल्या कानात हवा खेळते, मग संसर्ग होत नाही" हे मी शेकडो वेळा ऐकलंय. कापतात ती कानाची बाहेरची पाळी. आतली नळी आहे तशीच राहते, आणि कान वारंवार बिघडण्यामागे बहुतेक वेळा ॲलर्जी, ओल किंवा किडे असतात. पण हे सगळं झालं कान कापण्याआधीचं बोलणं. कान कापून झालेत आणि पिल्लू तुमच्या मांडीवर आहे, तर पुढचं वाचा.

सगळ्यात मूळ गल्लत: दोन आजारांना एकच समजणं

कापलेल्या कडेला झालेला संसर्ग वेगळा आणि कानाच्या नळीतला संसर्ग वेगळा. कडेचा संसर्ग म्हणजे जखमेचा संसर्ग. टाक्यांभोवती लाली, ऊब, सूज, पिवळा किंवा हिरवट पू. नळीतला संसर्ग आत खोल असतो. कुत्र्याची नळी आधी खाली उतरते आणि मग आडवी वळते, इंग्रजी एल अक्षरासारखी. त्यामुळे बाहेरून कड अगदी स्वच्छ दिसते आणि आत मात्र मळ, पू साचलेला असतो. पिल्लू डोकं झटकतं, कानाचं मूळ दाबलं की कळवळतं, एका बाजूला मान टाकतं.

दोन्हींचे उपाय वेगळे. कडेच्या जखमेला डॉक्टर बहुधा पोटातून अँटिबायोटिक देतात. नळीत मात्र पोटातलं औषध पुरेसं पोचत नाही, तिथे थेंब लागतात. मी दर महिन्याला असं एखादं पिल्लू बघते, ज्याला दहा दिवस गोळ्या चालू आहेत आणि नळीत एक थेंबही गेलेला नाही. नेमकं उलटंही बघते. नळीचे थेंब कापलेल्या कडेवर ओतलेले. त्या थेंबांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं आणि ताजी जखम त्याने लवकर भरत नाही.

टेप न उघडण्याचा हट्ट

या चुकीबद्दल मी थोडं जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान मी हिच्यामुळे बघितलंय.

जेमतेम बारा आठवड्यांची डॉबरमन मादी होती. ऑपरेशन होऊन अकरा दिवस झाले होते. ज्याच्याकडून पिल्लू आणलं त्याने सांगितलं होतं, चौदा दिवस टेप उघडायची नाही, उघडलीस तर कान पडतील. पाचव्या दिवशी पाण्याच्या भांड्यात डोकं घालून तिने उजव्या कानाची टेप भिजवली. मालक काळजीवाला मुलगा होता, निष्काळजी अजिबात नव्हता. त्याने ओल्या टेपवर दुसरी कोरडी टेप गुंडाळली. आठव्या दिवशी वास यायला लागला, तेव्हा बाहेरून जंतुनाशक फवारलं. अकराव्या दिवशी तिने खाणं सोडलं आणि मग तो आला.

बोथट टोकाच्या कात्रीने मी एकेक थर कापला. खालची कातडी पांढरीफटक, पाण्यात तासभर ठेवलेल्या बोटांसारखी सुरकुतलेली. दोन टाके मांसात रुतले होते आणि त्यांच्यामधून पू येत होता. कानाचं टोक, अंगठ्याच्या नखाएवढं, काळं आणि गार पडलं होतं. टेप मुळाशी आवळली गेली होती, त्यामुळे टोकाला रक्तच पोचलं नव्हतं. शिवाय टेपने नळीचं तोंड झाकलं होतं, आत सहा दिवसांची ओल कोंडलेली. म्हणजे कड बिघडली होती आणि नळीही. मेलेलं टोक डॉक्टरांना काढावं लागलं. ती मादी बरी झाली, तरतरीत आहे, पण तिचा उजवा कान डाव्यापेक्षा आखूड आहे तो आहेच.

पाचव्या दिवशी ओली टेप काढली असती तर कान कदाचित दोन दिवस पडून राहिला असता. बस, इतकंच झालं असतं.

तेव्हापासून माझी सवय अशी. सकाळ-संध्याकाळ टेपला नाक लावून वास घ्यायचा. नाक लावायला किळस वाटत असेल तर अशा पिल्लाची जबाबदारी घेऊ नये, असं मी स्पष्ट सांगते. मग उघड्या टोकाला बोट लावून बघायचं, ते अंगाइतकंच उबदार लागलं पाहिजे. गार, निळसर किंवा सुजलेलं लागलं की टेप सैल करायला त्याच तासाला दवाखाना गाठायचा. नळीचं तोंड उघडं हवं, करंगळीचं टोक तिथे टेकवता आलं पाहिजे. टेप ओली झाली, सरकली किंवा वास मारायला लागली की ठरलेल्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी काढायची. आणि ओलसर, चिघळलेल्या कडेवर नवी टेप कधीच नाही. रोज एकाच जागी, एकाच उजेडात फोटो काढा. "कालपेक्षा बरं वाटतंय" यावर माझा विश्वास नाही, दोन फोटो शेजारी ठेवले की खरं काय ते कळतं.

पहिले दोन-तीन दिवस थोडी सूज, थोडं गुलाबी पाणी आणि मग कोरडी खपली, हे सगळं ठीक आहे. तिसऱ्या दिवसानंतर सूज उतरायच्या ऐवजी वाढली तर ते ठीक नाही.

घरात पडलेले थेंब

मोठ्या कुत्र्यासाठी आणलेली बाटली उरलेली असते. पिल्लू कान खाजवतं, बाटली हातात येते, चार थेंब पडतात. पिल्लाच्या कानाचा पडदा शाबूत आहे का, हे कुणी बघितलेलं नसतं.

एका बॉक्सरच्या पिल्लाला असेच थेंब तीन दिवस घातले होते. चौथ्या दिवशी ते एका बाजूला कलंडत चालायला लागलं, गोल गोल फिरत होतं, डोळ्यांची बुबुळं आडवी थरथरत होती. तपासलं तर पडदा फाटलेला. जेंटामायसिन, निओमायसिन यांसारखी औषधं फाटक्या पडद्यातून आत गेली तर ऐकण्याला आणि तोल सांभाळण्याला इजा करू शकतात. क्लोरहेक्सिडिन बाहेरच्या जखमेला चालतं, पण मधल्या कानात गेलं तर तेही घातक. या पिल्लाचं नुकसान थेंबांनी केलं की आधीच आत शिरलेल्या संसर्गाने, हे डॉक्टरांनाही छातीठोकपणे सांगता आलं नाही. त्याचा तोल महिन्याभरात सावरला. त्या बाजूने ऐकू मात्र येत नाही. आधी कान तपासायच्या दुर्बिणीने पडदा बघितला असता तर ते थेंब घातलेच गेले नसते.

आणि नुसता पडदा बघूनही भागत नाही, आतला मळ काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. तपकिरी, तेलकट मळ आणि आंबूस वास असेल तर बहुधा मालासेझिया नावाचं यीस्ट. पिवळट-हिरवा पातळ पू, घाणेरडा वास आणि भयंकर दुखणं असेल तर दंडगोल जिवाणूंचा संशय, त्यातला स्युडोमोनास फार चिवट. कॉफीच्या चोथ्यासारखा कोरडा काळा चुरा आणि सतत खाजवणं म्हणजे पिल्लांमध्ये बऱ्याचदा कानातले किडे. या किड्यांचं जीवनचक्र साधारण तीन आठवड्यांचं असतं, त्यामुळे दोन दिवसांत खाज थांबली म्हणून औषध थांबवलं की ते परत येतात. घरातल्या बाकीच्या कुत्र्या-मांजरांवरही तेव्हाच उपचार करावे लागतात. रंग आणि वास यावरून अंदाज बांधता येतो, औषध ठरवता येत नाही. यीस्टवर अँटिबायोटिक काहीच करत नाही.

बाकीच्या चुका

हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट जखमेवर नको. नव्याने भरणारी कातडीच त्याने जळते, आणि पिल्लू पुन्हा कानाला हात लावू देत नाही.

कानकाडी नळीत घालू नका. मळ आतच ढकलला जातो. डॉक्टरांनी पडदा ठीक असल्याचं सांगितलं असेल तर कान धुण्याचं द्रावण नळीत भरा, कानाचं मूळ अर्धा मिनिट हलक्या हाताने चोळा, पचपच असा आवाज आला पाहिजे. मग सोडा, त्याला डोकं झटकू द्या, आणि वर आलेला मळ कापसाने टिपून घ्या. बोट जाईल तितकंच आत, पुढे नाही.

पावडर नको. ओलीत तिचे गोळे होतात.

माणसांच्या वेदनाशामक गोळ्या मुळीच नकोत. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी पिल्लाच्या पोटात अल्सर होऊ शकतो, मूत्रपिंडं बिघडू शकतात. पिल्लू रडतंय म्हणजे त्याला वेदनाशामक हवंच आहे, पण ते डॉक्टरांनी वजनावर मोजून दिलेलं.

"बिचाऱ्याला त्रास होतो" म्हणून गळ्यातला कोन, म्हणजे कान खाजवू नये म्हणून घातलेली प्लास्टिकची कॉलर, काढणं. पंजाचा एक फटका टाका उघडायला पुरतो. रात्री तर कोन हवाच.

भावंडांबरोबर दंगा करायला सोडणं. पिल्लं एकमेकांचे कान धरूनच ओढतात.

झिंक ऑक्साइडचं मलम लावून मोकळं सोडणं. चाटलं गेलं तर झिंकची विषबाधा होऊ शकते.

माश्यांकडे दुर्लक्ष. गरम दिवसांत उघड्या, वास मारणाऱ्या जखमेवर माशी बसली तर एक-दोन दिवसांत अळ्या पडतात. टेपखाली पडल्या तर त्या दिसतही नाहीत. पिल्लू अचानक बेचैन झालं, कानातून रक्ताळ पाणी आलं, तर आधी हे तपासा.

आणि चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून औषध बंद करणं. घाई करणाऱ्या नवख्या मालकांना मी हात जोडून सांगते, मळाचा नमुना पुन्हा तपासून डॉक्टर थांबवा म्हणेपर्यंत थांबू नका. अर्धवट मारलेले जिवाणू पुढच्या वेळी त्याच औषधाला दाद देतीलच असं नाही.

कधी वाट बघायची नाही

गुदद्वारातून ताप मोजा, कान किंवा नाक गरम लागतंय यावर जाऊ नका. 101 ते 102.5 फॅरनहाइट नेहमीचा. 103 च्या वर गेला किंवा 99 च्या खाली उतरला तर लगेच फोन. मान कलती राहणं, बुबुळं थरथरणं, तोल जाणं, तोंड उघडताना ओरडणं, पाळी अचानक पाण्याच्या फुग्यासारखी फुगणं, काळं टोक, खाणं सोडणं, यातलं एकही दिसलं तर उद्या सकाळची वेळ घेऊ नका. इतक्या लहान पिल्लाची प्रतिकारशक्ती अजून घडत असते, रात्रीत खेळ बदलतो.

टेप पुन्हा कधी लावायची, हा प्रश्न मग येतोच. कॅलेंडर बघून मी उत्तर देत नाही. कड कोरडी आणि बंद झालेली हवी, नळीचा नमुना साफ हवा, आणि मी कान हातात धरल्यावर पिल्लाने तो ओढून घेता कामा नये. त्या डॉबरमनच्या मादीला तिथपर्यंत पोचायला पाच आठवडे लागले. त्या दिवशी तिने माझ्या हाताला कान टेकवून ठेवला, तेव्हा मी टेपचं रीळ काढलं.