कंपनीच्या देणगीचा माग कसा काढावा

राजकीय पक्षांना कोण पैसा पुरवते हे जाणून घेणे हा मतदाराचा हक्क आहे, असे सांगत सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोखे योजना, म्हणजे नाव उघड न करता पक्षाला देणगी देण्याची सोय, घटनाबाह्य ठरवली. मात्र कागद खुले झाले तरी ते कोणी वाचल्याशिवाय कंपन्यांच्या पैशाला आळा बसत नाही, आणि एका मतदारसंघापुरते हे वाचन एकट्या माणसालाही जमण्यासारखे आहे.

सुरुवात पक्षाच्या वार्षिक देणगी अहवालापासून करावी. आर्थिक वर्षात २०,००० रुपयांहून अधिक देणगी देणाऱ्यांचा तपशील पक्षाने निवडणूक आयोगाला द्यायचा असतो आणि हे अहवाल आयोगाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. यादीत एखाद्या इलेक्टोरल ट्रस्टचे, म्हणजे देणग्या गोळा करून पक्षांना वाटणाऱ्या संस्थेचे, नाव आढळले, तर तेथेच थांबू नये. कंपन्यांनी दिलेला पैसा पक्षाच्या यादीत ट्रस्टच्या नावाने येतो, म्हणून ट्रस्टचा स्वतःचा अहवालही उघडावा.

मग कंपनीचा ताळेबंद घ्यावा. मला हा टप्पा सर्वांत मोलाचा वाटतो, कारण येथे संशयाची जागा हिशेब घेतो. कंपनी कायद्याच्या कलम १८२ प्रमाणे मागील तीन आर्थिक वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या ७.५ टक्क्यांपर्यंतच देणगी देता येते. २०१७ मध्ये काढून टाकलेली ही मर्यादा सर्वोच्च न्यायालयाच्या याच निकालामुळे परत आली. समजा, एखाद्या कंपनीला तीन वर्षांत अनुक्रमे ३, ४ आणि ५ कोटी रुपये नफा झाला, तर सरासरी ४ कोटी होते आणि देणगीची कमाल रक्कम ३० लाख. नफा-तोटा पत्रकात याहून मोठा आकडा असेल, किंवा कंपनी स्थापन होऊन तीन वर्षेही झाली नसतील, तर देणगीचे आणि नफ्याचे अशी दोन्ही पाने जोडून कंपनी निबंधकांकडे (रजिस्ट्रार ऑफ कंपनीज) लेखी तक्रार करावी. आपल्याकडे त्या कंपनीचा एक जरी शेअर असला, तरी देणगीचा ठराव संचालक मंडळाने कधी केला, हे वार्षिक सभेत अवश्य विचारावे.

पक्षाच्या एकूण खर्चाला कायद्यात मर्यादाच नाही, ही मोठी उणीव आहे. उमेदवाराला मात्र ती आहे: २०२२ च्या सुधारणेनुसार विधानसभेसाठी महाराष्ट्रात ४० लाख, गोव्यात २८ लाख. प्रचार चालू असताना सभेच्या मैदानावर खुर्च्यांच्या रांगा मोजाव्यात, मंडप, ध्वनिक्षेपक आणि गाड्या यांची तारखेसह नोंद ठेवावी आणि जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांनी ठरवलेल्या दरपत्रकाने त्यांची किंमत काढावी. निवडणुकीच्या निकालानंतर ३० दिवसांत उमेदवार आपला हिशेब सादर करतो आणि १ रुपया शुल्क भरून तो कोणालाही पाहता येतो. त्या सभेच्या तारखेसमोर किती खुर्च्या दाखवल्या आहेत, हे आपल्या वहीशी ताडून पाहावे.

येथे दिरंगाई मुळीच परवडत नाही. मर्यादेबाहेरच्या खर्चाविरुद्ध मतदाराला उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करता येते, पण तिची मुदत निकालापासून ४५ दिवसांचीच असते. उमेदवाराने अगदी शेवटच्या दिवशी हिशेब दिला, तर आपल्या हाती जेमतेम १५ दिवस उरतात. म्हणून वही, छायाचित्रे आणि ओळखीचा वकील यांची तयारी मतदानापूर्वीच करून ठेवावी.