शासकीय सुट्टी आपल्याला लागू आहे का, हे कसं ओळखायचं?

वर्षअखेरीस व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या सुट्ट्यांच्या यादीवर विसंबून तिकिटं काढू नका. सामान्य प्रशासन विभागाची मूळ अधिसूचना उघडा आणि आधी वरचं कलम वाचा. महाराष्ट्रातल्या बहुतेक सार्वजनिक सुट्ट्या 1881 च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 25 खाली जाहीर होतात. हा कायदा मुळात धनादेश-हुंड्यांचा, म्हणून या सुट्ट्यांना बँकाही बंद असतात.

खरा घोळ यादीच्या शेपटाला असतो. 1 एप्रिलची सुट्टी फक्त बँकांना, वार्षिक हिशेबासाठी. त्या दिवशी तहसील कार्यालय बंद समजून घरी बसाल तर काम राहील! उलट भाऊबीजेची अतिरिक्त सुट्टी अलीकडे शासकीय कार्यालयांना मिळते, पण ती कलम 25 खालची नसल्याने बँक उघडी असू शकते. स्थानिक सुट्ट्या जिल्हाधिकारी देतात, त्या जिल्ह्यापुरत्याच.

तारखाही बदलतात. 2023 मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद 28 सप्टेंबरला एकत्र आल्यावर ईदची सुट्टी 29 ला गेली. चंद्रदर्शनावरच्या सणांसाठी आदल्या आठवड्यात पुन्हा खात्री करा.

खासगी नोकरी असेल तर ही यादी आपोआप लागू होत नाही. दुकाने व आस्थापनांच्या 2017 च्या कायद्यात आठ पगारी सुट्ट्या आहेत: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि मालक-कामगारांनी मिळून ठरवलेल्या चार. त्या चार कोणत्या, हे एचआरकडून जानेवारीतच लेखी घ्या.